गोव्यात नवीन आहे, क्रोशा-विणकाम करणाऱ्या बायका कुठं भेटतात?

खांब_साखळी

नमस्कार मंडळी. इथं पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

जूनमध्ये नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही अमरावतीहून थेट वास्कोला आलो. सामान ट्रकने, आम्ही आधी मुंबई मग मडगाव असं रेल्वेने, आणि उतरलो तेव्हा जो पाऊस लागला तो आज श्रावण संपत आला तरी आहेच. आमच्याकडे पाऊस येतो, झोडपतो, निघून जातो आणि मग पंधरा दिवस शेतकऱ्याला आभाळाकडे बघायला लावतो. इथं तो बिऱ्हाड घेऊन राहायलाच येतो बाप्पा! महिनाभरात चपला, कपाटातली पैठणी आणि माझा लोकरीचा गठ्ठा, तिन्हीला एकच वास यायला लागला.

मुद्द्यावर येते. बँकेतली नोकरी सोडून आले. मुलगी पहिलीत आहे, ती शाळेत, नवरा कंपनीत, घरात मी आणि पंखा. अमरावतीला आमची शनिवारची बैठक होती, सहा-सात जणी, अकरा वर्षं. म्हणायला क्रोशा आणि भरतकाम, पण खरं तर बोलणंच. कुणाच्या सासूचं गुडघ्याचं ऑपरेशन, कुणाच्या मुलाची दहावी, हातात सुई चालू आणि तोंडही चालू. एखादीला त्या दिवशी काहीच बोलावंसं वाटत नसेल तर ती नुसती विणत बसायची आणि कुणी तिला काय झालं म्हणून खोदून विचारायचं नाही. हे मला तिकडं असताना कधी लक्षातसुद्धा आलं नव्हतं, आता त्याचीच आठवण जास्त येते.

क्रोशा मला आजीने शिकवला. साखळी, खांब, मुका खांब, एवढ्या तीन शब्दांवर तिने घरातल्या पाची दारांची तोरणं केलेली. इथं आल्यावर एक टेबलक्लॉथ विणायला घेतलाय, अर्धा झालाय, दाखवायचा कुणाला?

प्रयत्न केला नाही असं नाही. एका ठिकाणी रविवारचं क्रोशाचं वर्कशॉप होतं, २,५०० रुपये भरून गेले. जागा सुंदर, कॉफी सुंदर, सगळ्या जणी इंग्रजीत बोलणाऱ्या, दोन तासांत एक कोस्टर केला, त्याचे फोटो काढले आणि ज्या त्या आपापल्या गाडीत बसून गेल्या. एकीनेही नंबर मागितला नाही, आणि खरं सांगायचं तर मीही कुणाचा मागितला नाही.

दुसरी अडचण भाषेची. कोंकणी अर्धी कळते, बोलता येत नाही. भाजीवालीकडे "सांबार द्या दहाचा" म्हटलं तर ती समोरच्या हॉटेलाकडे बोट दाखवायला लागली. आमच्या वऱ्हाडात सांबार म्हणजे कोथिंबीर हो. वरच्या मजल्यावरच्या आंटी जिन्यात भेटल्या की विचारतात, "तूं नुस्तें खायना?", म्हणजे मासे खात नाहीस का, आणि मी मान हलवून हसते, की संपलं बोलणं.

मधे इथल्या दामोदर सप्ताहाला एकटीच गेले मुलीला घेऊन. चोवीस तास भजन चालतं म्हणून ऐकलं होतं. आत अभंग चालू होता, माझ्या माहेरी कीर्तनात म्हणतात तोच, आणि मला एकदम भरून आलं, पोरगी विचारत होती आई काय झालं. फेरीत, म्हणजे तिथल्या जत्रेच्या बाजारात, तिला बांगड्या घेतल्या, मला क्रोशाची एक स्टीलची सुई. ती आठ दिवसांत गंजली.

तर विचारायचं होतं की वास्को, मडगाव, पणजी, कुठंही, अशा बसून हाताने काही करणाऱ्या बायकांचे ग्रुप आहेत का? फी वगैरे नको. आणि कोंकणी येत नसलेली चालते का?

---

फोंड्याची_वहिनी

अगो बाय, आधी सुईचं सांगते. गोव्यात पावसात स्टील उघड्यावर ठेवायचं नाही. काम झालं की कोरड्या फडक्याने पूस, खोबरेल तेलाचं बोट फिरव आणि तांदळाच्या डब्यात ठेव. नाहीतर ॲल्युमिनियमची घे, ती गंजत नाही. लोकर मात्र इथं विसर, गणेश चतुर्थी झाल्यावर ऊन पडलं की गच्चीवर टाक आणि मग माहेरी पाठवून दे. इथं सूतच बरं.

आता तुझा प्रश्न. मी मूळची बेळगावची, लग्न होऊन फोंड्याला आले त्याला २७ वर्षं झाली. पहिली दोन वर्षं मीपण तुझ्यासारखीच खिडकीत. मला सासूबाईंनी एक दिवस हाताला धरून देवळाच्या मागच्या ओसरीवर नेऊन बसवलं. तिथं बायका वाती वळत होत्या. एकीने "बस गो, कित्याक भियेता?" म्हणून कापसाचा पुंजका माझ्या मांडीवर टाकला. बस्स, तेवढंच माझं स्वागत. कोण, कुठली, सासर कुठलं, हे सगळं मागाहून, चार-पाच दिवसांनी.

अजून ते चालू आहे. आता आम्ही नऊ जणी. या चातुर्मासात लाख वातींचा संकल्प केलाय, आषाढी एकादशीला सुरू केलं. नऊ जणी, चार महिने, म्हणजे रोज प्रत्येकीला नव्वद-शंभर वाती. ऐकायला सोपं वाटतं, पण चतुर्थीचे आठ-दहा दिवस कुणाचा हात रिकामा नसतो, त्यामुळे आधीच पुढं वळून ठेवावं लागतं. बुधवारी साडेचारला जमतो. गोव्यात एक ते चार कुणाचं दार वाजवू नकोस हो, दुपारची झोप म्हणजे झोप, तू नवीन आहेस म्हणून सांगून ठेवते.

वाती वळताना फोन धरता येत नाही, बोटांना राख लागलेली असते. मला वाटतं त्यामुळेच हा ग्रुप टिकलाय. आणि वाती हे फक्त निमित्त, मधे कुणी गोधडीचे तुकडे घेऊन येते, कुणी क्रोशाचं तोरण. तुझा टेबलक्लॉथ आणलास तर चार जणी हातात घेऊन उलटा करून बघतील, मागची बाजू कशी आहे ते. नावंही ठेवतील. तयारीने ये.

कोंकणीची काळजी करू नको. आमच्यात एक कारवारची आहे, एक सावंतवाडीची, दोघी इतकी वर्षं झाली तरी आपापलंच बोलतात. आणि फोंड्यात परक्याचं कुणाला काय वाटायचं गो, इथले निम्मे देवच बाहेरून आलेत! पोर्तुगीज देवळं पाडायला लागले तेव्हा, १५६० च्या सुमारास, मंगेश कुठ्ठाळीहून आला, शांतादुर्गा केळशीहून, म्हाळसा वेर्ण्याहून. म्हणजे तू राहतेस त्याच बाजूचे सगळे. रात्रीतून पालखीत घालून नदीपार आणलेले. आता कोण म्हणेल का म्हाळसा म्हार्दोळची नव्हे म्हणून?

वास्कोहून यायला तास तरी जाईल. दर बुधवारी नको, जमेल तशी ये. घरी वळून पंधरा दिवसांनी आणून दिल्यास तरी चालेल.

---

सोलापूर_व्हाया_वेर्णा

ताई, म्हाळसा वेर्ण्याहून गेली ती जागा भरायला की काय म्हणून मी सोलापूरहून वेर्ण्याला आलो बघा, इंडस्ट्रियल इस्टेटला, २०१९ ला. बायकांचा ग्रुप मला माहीत नाही पण नवीन गावात हाताच्या कामामुळं माणसं कशी जोडली गेली ते सांगतो, कारण माझं पण तसंच झालंय.

मडगावच्या बाजूला रूम घेतली. कंपनी-रूम-कंपनी. तीन महिने मी वेटर सोडून कुणाशी बोललो नाही म्हणलं तरी चालेल. दसरा झाला आणि खाली कोपऱ्यावर पोरं रात्री दहानंतर लोखंडी सळ्या, बांबू, गवत घेऊन काहीतरी करायला लागली. विचारलं तर म्हणे नरकासुर. आमच्याकडं दिवाळीला किल्ला करतात, हे लोक राक्षस करतात, आणि केवढा, दोन मजली. मी आपला गॅलरीतून चार दिवस बघत होतो. पाचव्या दिवशी त्यांचा सांगाडा उभा करताना दोरी सुटली आणि हात एका बाजूला लोंबायला लागला, पोरांची नुसती आरडाओरड, मी खाली गेलो आणि गाठ मारून दिली.

आता ही गाठ कुठली तर विणकराची. माझे वडील मागावर होते, चादरीच्या. सूत तुटलं की दोन टोकं कशी जोडायची ते मला पाचवीत असल्यापासून येतं, चपटी गाठ, ओढलं की अजून घट्ट. सुताला मारायची ती मी सुंभाला मारली एवढंच. त्यातला एक जण म्हणाला, परत दाखव. परत दाखवली. मग सगळ्यांना दाखवली. त्या रात्री दोन वाजेपर्यंत मी मैद्याची खळ शिजवत होतो आणि वर्तमानपत्राचे तुकडे मुखवट्यावर चिकटवत होतो. एक थर, वाळू द्यायचा, मग दुसरा. पावसाळी हवेत वाळत नाही म्हणून खाली हॅलोजनचा दिवा लावून ठेवलेला. नाकाला तर सात थर. माझं नाव तेव्हापासून "सोलापूर". खरं नाव निम्म्यांना आजपण माहीत नाही.

वाईट एवढंच की पंधरा-वीस दिवस राबून केलेलं ते चतुर्दशीच्या पहाटे जाळून टाकतात. मला पहिल्या वर्षी लै जीवावर आलं हो. ती पोरं मात्र नाचत होती. मग आंघोळ, पायाखाली कारीट फोडायचं, आणि एकाच्या घरी फोव म्हणजे पोहे खायला. दुधातले, ताकातले, नारळाच्या रोसातले, बटाट्याचे, फोडणीचे, पाच घरी गेलो आणि प्रत्येकाकडं खावेच लागले. दिवाळीला घरी जायला रजा मिळाली नव्हती म्हणून मी रडत बसणार होतो, त्याऐवजी पोट बिघडलं.

रात्रभर त्या स्पीकरचा आवाज आणि रस्ते बंद, ह्याबद्दल इथले लोक शिव्या घालतात आणि ते बरोबर पण आहे. मी पोरांना सांगून बघितलं, अजून ऐकत नाहीत.

ताई तुम्ही ग्रुप शोधताय, पण मला वाटतंय कुठं काय काम चाललंय ते बघा आणि त्यात हात घाला. चतुर्थी आलीच आहे, बिल्डिंगमध्ये कुणाकडं माटोळी बांधत असतील, रानातली फळं, सुपारी, नारळाच्या पेंढ्या दोरीनं बांधून गणपतीवर टांगतात ना, तिथं गाठी मारायला माणूस कमीच पडतो.

---

तात्पुरती_पर्वरीकर

सगळे गोड गोड लिहितायत म्हणून मुद्दाम लिहिते. मी पुण्याची, पर्वरीला सहा वर्षं. अशा एका विणकामाच्या ग्रुपमध्ये मी दोन वर्षं होते, नाव घेत नाही. सुरुवात छान झाली, आळीपाळीने एकेकीच्या घरी, चहा आणि खारी. मग कुणीतरी म्हणालं आपण एवढं करतो तर विकूया. झालं! प्रदर्शनात स्टॉल घेतला, भाडं कोणी किती द्यायचं, कुणाची पिशवी पुढे मांडायची, कुणाची मागे. एकीचं डिझाइन दुसरीने केलं म्हणून दोघी बोलायच्या बंद झाल्या, आणि ते डिझाइन तिनेही इंटरनेटवरूनच घेतलेलं! शेवटी भेटणं बंद आणि व्हॉट्सॲपवर रोज सकाळी गुलाबाचं फूल तेवढं चालू राहिलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या दिवशी कुणी दराचा विषय काढेल त्या दिवशी उठून चहा ठेवायला जा.

आणि २,५०० च्या वर्कशॉपला एवढ्या शिव्या नकोत. शिकवणाऱ्या बाईचं पोट त्यावर आहे, ती क्रोशा शिकवायचे पैसे घेते, मैत्रिणी द्यायचे नाही. तुम्ही नंबर मागितला नाहीत हे तुम्हीच लिहिलंय.

---

खांब_साखळी

पर्वरीकर ताई, लागलं, पण खरं आहे.

वहिनी, तुमचं वाचून कालपासून एकच डोक्यात आहे. तुम्ही वातीसाठी कापूस कुठला वापरता? इथं दुकानात पाकिटातला आणला मी काल, वळायला बसले तर बोटात तुटतो, वातीला मधेच गाठ. आमच्या घरी शेतात कापूसच असतो हो. वडील दर वर्षी पहिल्या वेचणीतला चांगला कापूस देवासाठी म्हणून बाजूला ठेवतात, आई फावल्या वेळात हाताने सरकी काढते, जिनिंगचा नाही. लहानपणी आम्हा बहिणींना ते सरकी काढायचं काम म्हणजे शिक्षा वाटायची. मागच्या सालचा थोडा असेल अजून. मागवू का?

---

फोंड्याची_वहिनी

मागवू का म्हणून विचारतेस? अगो आम्ही बाजारचा कापूस विंचरून विंचरून वापरतो, तुझ्या शेतातला म्हटल्यावर इथं माझी शेजारीण आत्ताच विचारायला लागली कधी येणार. पण सांभाळून, इथं दमट हवेत कापूस ओल धरतो. आला की डब्यात कोरड्या कापडात गुंडाळून ठेव आणि वळायच्या आधी तासभर बल्बखाली.

---

उसवलेला_टाका

मधेच तोंड घालतो, मी पुरुष आहे आणि विणतो, हसू नका. आईला पॅरालिसिस झाला तेव्हा तिचा अर्धा स्वेटर पूर्ण करायला म्हणून शिकलो, सुलट-उलट एवढंच येतं. म्हापशाला राहतो. ग्रुपमध्ये गेलो तर बायका बोलायच्या थांबतात त्यामुळे जात नाही. लायब्ररीत जातो, पणजीला पाटोवर सेंट्रल लायब्ररी आहे तिथं. विणकामाची पुस्तकं बघतो, वही घेऊन नमुने उतरवून घेतो. तिथं एक आजोबा मला रोज विचारतात काय काढताय, एक दिवस कळलं ते शिंपी होते. आता आम्ही दोघं बाहेर चहा पितो. हा काही ग्रुप नाही, पण असो.

---

सोलापूर_व्हाया_वेर्णा

दादा, नरकासुराच्या कामाला या. तिथं कोण बोलायचं थांबत नाही, उलट गप्प बसवावं लागतं.

---

खांब_साखळी

मंडळी, त्रिपुरी पौर्णिमा झाली, आता सविस्तर लिहायला बसलेय. मधे दोन-तीन जणांनी विचारलं पुढे काय झालं.

भावाने तीन किलो कापूस पाठवला, सरकीसकट. आईला वेळ झाला नाही म्हणे, तूच काढ. तीन किलो कापसातून रुई निघते साधारण किलोभर, बाकी सगळी सरकीच. तर ती काढायची कधी? मी रात्री करायला घेतली आणि त्याच रात्री बिल्डिंगमधले लाइट गेले, पावसात जातात तसे, तास-दीड तास. घरात उकडत होतं म्हणून मेणबत्ती आणि कापसाची टोपली घेऊन जिन्यात येऊन बसले. मुलगीपण बसली. तळमजल्यावरची धारवाडची एक जण आहे, तिच्याशी तोवर माझं फक्त पाण्याच्या टँकरबद्दल बोलणं व्हायचं, ती आली आणि न विचारता हात टोपलीत घातला. तिच्या माहेरीही कापूसच. सरकी काढताना अंगठा कसा फिरवतात ते तिला मी सांगायच्या आधी येत होतं. मग वरच्या आंटी टॉर्च घेऊन उतरल्या. त्यांना वाटलं उशा भरतोय. वाती म्हटल्यावर "देवाक? बरें बरें" म्हणून पायरीवर बसल्या आणि सरकी वेगळ्या पिशवीत भरायला लागल्या, पेरायची होती म्हणे कुंडीत. पेरलीसुद्धा. चार झाडं उगवलीत त्यांच्या गॅलरीत, अजून बोंड धरलं नाही.

लाइट आले तरी आम्ही बसलोच होतो.

फोंड्याला मी एकूण पाच वेळा गेले. वहिनी सांगत होत्या तस्संच, टेबलक्लॉथ चौघींनी उलटा केला. एक म्हणाली कडेला टाके आवळलेत, दुसरी म्हणाली नाहीत, त्यावरून त्यांचंच जुंपलं आणि मी वाती वळत बसले. माझी वात आधी जाड व्हायची. दुधाचं बोट लावून वळ, राखेने तुझा हात घसरतो, हे कारवारच्या मावशींनी दाखवलं, माझा हात हातात धरून, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा सोडला. कापूस मात्र सगळ्यांना आवडला. लांब धाग्याचा, तुटत नाही. वहिनींनी तो पुंजका चिमटीत धरून खिडकीच्या उजेडात ओढला आणि "बघा गो" म्हणून सगळ्यांना दाखवला. मी बँकेत बेस्ट एम्प्लॉयी झाले होते एकदा, तेव्हा एवढं बरं वाटलं नव्हतं.

लाखाचा हिशोब वहीत होता, कार्तिकी एकादशीच्या आदल्या दिवशी पूर्ण झाला. माझ्या आणि धारवाडवालीच्या मिळून सहा हजार चारशे. ती फोंड्याला कधी आली नाही, पण तिचं नाव वहीत लिहिलंय. त्रिपुरीला साखळीला विठ्ठलापूरला जाऊन आलो आम्ही सगळे, नवऱ्यासकट, वाळवंटीत होड्या सोडतात ते बघायला. साडेसातशे पदरांची त्रिपुरी वात मी घरूनच करून नेली होती. लावताना दोनदा विझली.

आता आंटींची गंमत. एक दिवस त्यांनी वर बोलावलं, आत कपाटात क्रोशाच्या लेसचे गठ्ठे, निळ्या कागदात गुंडाळलेले, अल्तारावरच्या कापडाला लावायचे. शाळेत नन्सनी शिकवलं म्हणे. एक जुनं इंग्रजी पॅटर्नचं पुस्तक दिलं मला, त्यातला गोल रुमाल करायला घेतला. आठ ओळी झाल्या तरी सपाट बसेना, वाटीसारखा उभाच राहायला लागला. तीनदा उसवला. चौथ्यांदा आंटींकडे नेला, त्यांनी डोक्यावर ठेवून बघितला, "हें कितें गो, चेपें?" म्हणजे टोपी! मग दोघी पुस्तक आणि माझा मोबाइल शेजारी ठेवून बसलो तेव्हा उलगडलं. पुस्तक ब्रिटिश. त्यात डबल लिहिलंय तो आमचा मुका खांब. मी यूट्यूबवर अमेरिकन बायकांचे व्हिडिओ बघून शिकलेली नावं धरून बसले होते, त्यांचा डबल म्हणजे आपला उभा खांब, ब्रिटिश लोक त्यालाच ट्रेबल म्हणतात. त्यामुळे जिथं बुटका टाका हवा तिथं मी उंच घालत होते, आणि ओळीतले टाके तेवढेच, मग वाटी नाही तर काय होणार. कुणी जुन्या पुस्तकावरून करत असाल तर आधी हे बघून घ्या. आंटींना "मुका खांब" हा शब्द फार आवडला. अर्थ सांगताना माझी कोंकणी संपली, मग तोंडावर बोट ठेवून दाखवला. आता त्या मला जिन्यात बघितलं की तोंडावर बोट ठेवतात.

सोमवार-गुरुवार साडेचारला आम्ही तिघी बसतो, कधी चौघी. ग्रुपला नाव नाही, व्हॉट्सॲपही नाही, खालून हाक मारायची. धारवाडवाली गोधडी घेऊन येते. शनिवारी मात्र मला अजूनही अमरावतीची आठवण येते, ती काही जात नाही. तिकडच्या जणी मागच्या शनिवारी व्हिडिओ कॉलवर होत्या, सगळ्या एकदम बोलत होत्या, मला काही ऐकू आलं नाही, पण ठेवला नाही फोन.

पर्वरीकर ताई, परवा तळमजल्यावरच्यांचे मिस्टर म्हणाले विकत का नाही तुम्ही हे. मी लगेच उठून चहा ठेवला.

आता एकच काम आहे. रुमालाला २० नंबरचं पांढरं सूत लागतंय, वास्कोत १० नंबरचंच मिळालं, फार जाड पडतं. कुठं मिळेल?

---

तात्पुरती_पर्वरीकर

मडगावला न्यू मार्केटमध्ये बटणं-लेसच्या दुकानांत विचारा. घेताना एकाच लॉटचे सगळे गुंडे घ्या, पांढऱ्यातही फरक पडतो.

---

उसवलेला_टाका

म्हापशाला मिळेल, मी बघून ठेवतो. शुक्रवारच्या बाजाराला याल का? नाही जमलं तर दोन गुंडे मी घेऊन वास्कोला येईन, तसा एक दिवस मोकळाच असतो. जिन्यात बसायला पुरुष चालतात का?

---

खांब_साखळी

आंटींना विचारलं. म्हणतात, खुर्ची तुमची तुम्ही आणा.